ठरलेल्या वेळेचे प्रेक्षक

माणसाची दूरचित्रवाणी पाहण्याची सवय वयाबरोबर बदलते, हे सर्वसाधारणपणे मान्य असले, तरी त्या बदलात वयाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे वेगवेगळे तपासावे लागते. वय वाढल्यामुळे, म्हणजे नोकरी, संसार, निवृत्ती अशा टप्प्यांमुळे जो फरक पडतो त्याला वयपरिणाम म्हणतात. आणि विशिष्ट काळात वाढल्यामुळे अंगवळणी पडलेली रीत जी माणसे पुढे जन्मभर सोबत बाळगतात, तिला पिढीपरिणाम म्हणतात. महाराष्ट्रात या दोहोंचा गुंता उकलायचा तर 1960 च्या आगेमागे जन्मलेल्या पिढीकडे पाहणे सर्वांत उपयुक्त ठरते, कारण या माध्यमाचा येथील जवळजवळ सगळा इतिहास तिच्या एका आयुष्यात मावतो.

दिल्लीत 1959 मध्ये प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले असले, तरी मुंबईचे केंद्र सुरू व्हायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडावा लागला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचे कार्यक्रम जसेच्या तसे पुढे पोहोचवणारे केंद्र, उभे राहिले आणि पुणे या कक्षेत आले. उरलेल्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला मात्र 1980 च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे गिरगावात आणि लातुरात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांचे बालपण या बाबतीत एक नव्हते. एकाने शाळकरी वयात टीव्ही पाहिला, तर दुसऱ्याच्या घरी तो आला तेव्हा त्याच्या नोकरीलाही काही वर्षे झालेली होती. मराठी प्रेक्षकाविषयी बोलताना हा फरक बहुतेक वेळा विसरला जातो आणि मुंबई-पुण्याच्या आठवणी साऱ्या राज्याच्या म्हणून सांगितल्या जातात.

पहिल्या दशकातील पाहणे हे शेजाऱ्यांच्या संचावर अवलंबून होते. संच महाग होता, तो बाळगण्यासाठी परवाना लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. त्यामुळे चाळीच्या एका मजल्यावर एखाददुसऱ्याच घरी टीव्ही असे. लाकडी सरकत्या दारांच्या पेटीतला तो कृष्णधवल संच बाहेरच्या खोलीत उंचावर ठेवलेला, त्यावर भरतकामाचा रुमाल, समोर जमिनीवर मांडी घालून बसलेली मजल्यावरची मुले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बायका आणि दाराबाहेर गॅलरीत उभे राहून मान लांब करणारे पुरुष, अशी ती मांडणी होती. पडद्यावर मुंग्या आल्या की एक जण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून दुसरा 'आलं, आलं, गेलं' असे ओरडून दिशा सांगे. कोणी कुठे बसायचे, दार कधी लोटायचे आणि यजमानांच्या जेवणाची वेळ झाली की कोणी उठायचे, याचे न सांगितलेले नियम होते. या पिढीने टीव्ही पाहण्याबरोबर हे नियमही शिकून घेतले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

प्रक्षेपण संध्याकाळी मोजके तास चाले आणि वाहिनी एकच होती. प्रेक्षकाला निवड करायची नव्हती, वेळ पाळायची होती. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घटकेला संचापुढे बसण्याच्या या रीतीला नियतवेळ दर्शन म्हणता येईल. गुरुवारचे 'छायागीत', शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट, 'गजरा', 'किलबिल', 'प्रतिभा आणि प्रतिमा', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' यांनी आठवड्याला एक आकार दिला. येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी 'साप्ताहिकी'सुद्धा लोक आवडीने पाहत. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्या तोंडून बातम्या ऐकताना प्रमाण मराठीचा उच्चार कसा असतो हे घराघरांत कळले. चि. वि. जोशींच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहिलेल्यांना ती पात्रे पुढे पुस्तकात वाचतानाही तशीच दिसू लागली. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप'च्या प्रेक्षकांनी तर ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली. आजच्या कोणत्याही लोकप्रिय मालिकेला असा प्रतिसाद मिळालेला नाही, आणि एका सरकारी केंद्राने अल्प साधनांत केलेल्या या कामाची नोंद मराठी सांस्कृतिक इतिहासात व्हावी तेवढी झालेली नाही.

1982 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्यानंतरच्या वर्षांत इन्सॅट उपग्रहाच्या आधारे देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले आणि दशकाच्या मध्यास परवान्याची अटही गेली. ही पिढी तेव्हा विशी-पंचविशीत होती. पहिल्या पगारातून, हप्त्याने किंवा लग्नाच्या आसपास तिने स्वतःचा संच घेतला. शेजारची गर्दी हळूहळू आपापल्या घरी परतली. जानेवारी 1987 मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि काही घरांतून संचाला हारही घातला जाई. परंतु तीच गर्दी आता अनेक खोल्यांत वाटली गेली होती.

1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लीतल्या केबलवाल्याने गच्च्यांवरून तारा ओढल्या, आणि 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही सुरू झाला. या टप्प्यावर आयुष्यातील वयपरिणाम सर्वांत ठळक दिसतो: तिशी-चाळिशीतल्या आईबापांच्या हाती पाहण्याला वेळ थोडा आणि रिमोट मुलांच्या हाती. लहानपणी वडीलधाऱ्यांनी लावलेले पाहिले आणि संसारात मुलांनी लावलेले, अशी या पिढीची मधली वर्षे गेली.

1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी या वाहिन्या आल्यावर दैनंदिन मालिकांनी नियतवेळ दर्शनाला नवे बळ दिले. आठवड्याच्या जागी आता रोजची वेळ आली. संध्याकाळी सात ते दहा हे तास मालिकांनी वाटून घेतले आणि स्वयंपाक, जेवण, फोन या गोष्टी त्यांच्या मधल्या जाहिरातींत बसवल्या गेल्या. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 पासून दहा वर्षांहून अधिक काळ चालली. 2004 मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ने तर कॅमेराच प्रेक्षक स्त्रीच्या घरात नेला. शहराबाहेर याच काळात भारनियमनाचे वेळापत्रक मालिकेच्या वेळापत्रकाच्या आड येई आणि रात्री हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहावा लागे. मालिकांच्या आशयावर टीका करणाऱ्यांनी त्यांच्या वेळेकडे पुरेसे लक्ष दिले नाही. दिवसभर इतरांच्या वेळा सांभाळणाऱ्या स्त्रीला घरात स्वतःची म्हणून ठरलेली अर्ध्या तासाची जागा त्यांनी मिळवून दिली, हे त्यांचे खरे सामाजिक कार्य मानले पाहिजे.

2012-13 मध्ये मुंबई आणि पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, 2016 नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला, आणि घरातील तरुण माणसे आपापल्या फोनकडे वळली. बाहेरच्या खोलीतील संच, जो पाहण्यासाठी कधी काळी शेजारी जावे लागे, तो आता साठी ओलांडलेल्या माणसांच्या एकट्याच्या ताब्यात आला. वाटेल ते वाटेल तेव्हा पाहण्याची सोय असूनही त्यांच्यापैकी बरेच जण आजही ठरलेल्या वेळी ठरलेली मालिका आणि बातम्या लावतात. याला केवळ म्हातारपण किंवा तंत्राची भीती म्हणणे अन्यायाचे आहे; नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी हीच माणसे आहेत. त्यांची ही सवय पिढीपरिणामाची आहे, कारण पाहणे म्हणजे वेळेवर हजर होणे असे ती शिकली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' सकाळ-संध्याकाळ पुन्हा दाखवले तेव्हा अनेक घरांत नातवंडेही आजी-आजोबांशेजारी येऊन बसली. टाळेबंदी उठल्यावर ती पुन्हा आपल्या पडद्याकडे गेली.

जुन्या काळात टेप महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि म्हणून सुरुवातीच्या वर्षांतील कितीतरी कार्यक्रम आज उपलब्ध नाहीत. ते कसे पाहिले गेले, कोणाच्या घरी, कोणासोबत, याचा पुरावा फक्त माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे आता सत्तरीकडे झुकलेली आहेत. विद्यापीठांच्या इतिहास आणि माध्यम विभागांनी, स्थानिक ग्रंथालयांनी आणि ज्यांच्या घरी अशी माणसे आहेत त्या प्रत्येक वाचकाने या आठवणी गाव, वर्ष आणि संचाच्या तपशिलासह आताच लिहून घ्याव्यात, आणि त्यात लातूर, गडचिरोली, सिंधुदुर्ग यांच्या आठवणी मुंबई-पुण्याइतक्याच असाव्यात.