झेड, एक्स, सी, व्ही: कीबोर्डच्या खालच्या ओळीचा इतिहास

तुमच्या कीबोर्डच्या खालच्या ओळीकडे एकदा बघा. डावीकडून झेड, एक्स, सी, व्ही. शेजारी शेजारी बसलेली चार बटणं. कंट्रोलसोबत यातलं एखादं बटण आपण दिवसातून कितीदा दाबतो याचा हिशोब कोणी ठेवत नाही. कॉपीसाठी सी, इथपर्यंत ठीक आहे. कट एक्सवर का? पेस्टसाठी पी का नाही? आणि अनडू त्या कोपऱ्यातल्या झेडवर का?

माणसं यंत्राशी कशी वागतात आणि यंत्रं माणसांशी कशी, याचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय. एमएस्सी भौतिकशास्त्रात झाल्यामुळे ‘असंच असतं ते’ हे उत्तर मला पचत नाही. शॉर्टकट म्हणजे तरबेज लोकांची चलाखी, ज्याला ते येतात तो कॉम्प्युटरवाला आणि बाकीचे अडाणी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. या चार बटणांमागचा विचार याच्या बरोबर उलटा होता, आणि आज तेच सांगायचंय.

सुरुवात कंट्रोल या बटणापासून करू, कारण ते कॉपी-पेस्टच्या कितीतरी आधीचं आहे. पडदे नव्हते तेव्हा संगणकाशी बोलायचं ते टेलिप्रिंटरवरून, म्हणजे तारेवर चालणाऱ्या टाइपरायटरवरून. यंत्राला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाची यादी तयार झाली आणि पुढे १९६७ मध्ये ती सुधारली गेली. या यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. कॅपिटल सी म्हणजे ६७. पहिले ३२ क्रमांक मात्र छापायच्या अक्षरांसाठी नाहीत, ते यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी. त्या आज्ञा द्यायच्या कशा? कंट्रोल दाबून अक्षर दाबायचं, की त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. झालं! जी म्हणजे ७१, त्यातून ६४ गेले, उरले ७. सात म्हणजे घंटा वाजव. कंट्रोल-जी दाबलं की तारेच्या पलीकडच्या टोकाला खरोखरची घंटा वाजायची. आय वजा ६४ म्हणजे ९, तो टॅब. एम वजा ६४ म्हणजे १३, तो ओळीच्या सुरुवातीला परत जा.

सी वजा ६४ म्हणजे ३: मजकूर संपला. त्यावरून पुढे अनेक यंत्रणांमध्ये कंट्रोल-सी म्हणजे ‘चालू काम थांबव’ असा अर्थ रूढ झाला. लिनक्सच्या काळ्या खिडकीत आजही तोच अर्थ चालतो. म्हणूनच तिथे कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावं लागतं. नवीन विद्यार्थी तिथे कॉपी करायला जातो आणि तासभर चाललेला प्रोग्राम बंद पाडून बसतो. यात त्याचा काही दोष नाही. एकाच बटणावर दोन वेगळे इतिहास येऊन बसले आहेत, त्यांची ही टक्कर.

आता कॅलिफोर्नियात जाऊ. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक तयार झाला. पडदा, माऊस, सगळं होतं. त्यावर ब्राव्हो नावाचा लेखनाचा प्रोग्राम होता, बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचा. काळाच्या मानाने अफाट. पण त्यात ‘मोड’ होते. म्हणजे एका अवस्थेत बटण दाबलं की अक्षर उमटणार आणि दुसऱ्या अवस्थेत तेच बटण आज्ञा होणार. यावरून एक किस्सा संगणकाच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. समजा तुम्ही आज्ञांच्या अवस्थेत आहात हे विसरलात आणि ई-डी-आय-टी, म्हणजे ‘एडिट’ हा शब्द टाइप केलात. ई: सगळं निवड. डी: निवडलेलं पुसून टाक. आय: आता लिहायला सुरुवात. टी: टी. अख्खा लेख गेला आणि पडद्यावर उरला एकटा टी.

तुम्ही म्हणाल, माणसाने लक्ष द्यायला नको का? त्या काळातल्या बहुतेक तज्ज्ञांचंही हेच म्हणणं होतं. प्रशिक्षण द्या, सवय होईल. लॅरी टेस्लर नावाच्या माणसाला मात्र ते पटलं नाही. तो १९७३ मध्ये तिथे रुजू झाला. त्याने केलेला प्रयोग मला कुठल्याही महागड्या प्रयोगापेक्षा जास्त आवडतो. नव्याने नोकरीला लागलेल्या, संगणकाचा गंध नसलेल्या एका सेक्रेटरीला त्याने रिकाम्या पडद्यासमोर बसवलं. हातात दुरुस्त्यांच्या खुणा केलेला कागद दिला. म्हणाला, हे पान पडद्यावर आहे असं समज आणि ह्या दुरुस्त्या कशा करशील ते सांग. पडदा कोराच! ती आपल्या मनाने सांगत गेली: इथे बोट दाखवेन, हे काढून टाकेन, इथे हे लिहीन. आधी जागा दाखवायची, मग काय करायचं ते सांगायचं. टेस्लर टिपून घेत गेला. प्रयोगाचं सामान एवढंच: एक कोरा पडदा आणि ऐकून घ्यायची तयारी.

त्याच सुमारास टिम मॉट हा झेरॉक्सच्याच मालकीच्या जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेत जाऊन संपादकांशेजारी बसत होता. तिथे कट आणि पेस्ट अक्षरशः चालायचं. कात्रीने परिच्छेद कापायचा आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवायचा. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. मॉट आणि टेस्लर यांनी मिळून १९७५ मध्ये जिप्सी हा प्रोग्राम उभा केला. त्यात अक्षराचं बटण दाबलं की अक्षरच उमटणार, कधीही. आणि मजकूर हलवायचा तर निवडा, कट करा, जागा दाखवा, पेस्ट करा. टेस्लरने हा मोडविरोध इतका मनावर घेतला की त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवरही ‘नो मोड्स’ लिहिलेलं असायचं.

१९८० मध्ये तो ॲपलमध्ये गेला आणि १९८३ मध्ये आलेल्या लिसा या संगणकावर आपली चार बटणं आजच्या जागी येऊन बसली. एक्स म्हणजे फुली, आपण खोडताना मारतो ती. सी म्हणजे कॉपी. व्ही म्हणजे मुद्रितशोधनातली काकपदाची खूण, जी आपण दोन शब्दांमध्ये राहिलेला शब्द घालायला वापरतो, ती उलटी केली की व्ही. आणि झेड त्यांच्या अगदी शेजारी. चूक झाली तर हात दूर न्यायला नको. पी लांब उजवीकडे पडला असता. एक हात माऊसवर असताना दुसऱ्या हाताच्या बोटांना एका ठिकाणी चारही गोष्टी मिळाव्यात हा साधा हिशोब. ॲपलने या आज्ञांसाठी वेगळं बटण ठेवलं, त्यामुळे वर सांगितलेली टक्कर मॅकवर होतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये सुरुवातीला कट म्हणजे शिफ्ट-डिलीट, कॉपी म्हणजे कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्ट म्हणजे शिफ्ट-इन्सर्ट होतं. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तिथेही झेड-एक्स-सी-व्ही आले. जुने शॉर्टकट अजून बहुतेक ठिकाणी चालतात, हवं तर करून बघा.

सगळेच शॉर्टकट इतक्या मायेने जन्मले नाहीत. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हा आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलीने १९८१ च्या पीसीसाठी केला, तो फक्त कंपनीतल्या इंजिनियरांच्या सोयीसाठी. यंत्र अडकलं की वीज बंद न करता ते पुन्हा सुरू करता यावं म्हणून. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं, पण ते डाव्या हाताने चुकून एकदम दाबलं जायचं. म्हणून मुद्दाम दोन हात लागतील अशी बटणं निवडली. तो बाहेर पडला आणि जगभर पसरला.

आता मराठीकडे येते, कारण इथे गोष्ट घराशी येऊन भिडते. इनस्क्रिप्ट हा आपल्या भाषांसाठीचा कीबोर्ड, १९८६ मध्ये केंद्र सरकारने ठरवलेला. त्यात सीच्या बटणावर म आहे आणि व्हीच्या बटणावर न. म्हणजे मराठीत टाइप करताना तुम्ही कॉपीला कंट्रोल-म आणि पेस्टला कंट्रोल-न दाबत असता, आणि ते चालतं. खूण हरवली, जागा टिकली.

खरी अडचण पुढे आहे. कॉपी केल्यावर संगणक अक्षराचा आकार उचलत नाही, त्याचा क्रमांक उचलतो. युनिकोडमध्ये म चा क्रमांक २३५० आहे. पण आपल्याकडे कित्येक वर्षं डीटीपीचं काम ज्या फॉन्टमध्ये झालं, त्यांत क्रमांक रोमन अक्षराचा आणि वर चित्र तेवढं देवनागरीचं. क्रुतीदेवसारख्या रेमिंग्टन पद्धतीच्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे आतून ई, जे, के, कॅपिटल बी, एच. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी. फाईलच्या पोटात मात्र एकही मराठी अक्षर नाही.

आता त्या फाईलमध्ये कंट्रोल-एफ करून ‘मराठी’ शोधा. तुम्ही २३५० शोधताय, फाईलमध्ये १०१ आहे. सापडणार नाही. शब्द डोळ्यांसमोर दिसत असतो आणि संगणक म्हणतो, नाही. दोनशे पानांच्या जुन्या अहवालात आपल्या गावाचं नाव शोधणारा माणूस मग पान पान उलटत बसतो. दृष्टिहीन वाचकाचं तर आणखी कठीण. त्याच्यासाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम क्रमांकच वाचतो, त्यामुळे त्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू येतो. आणि हे सोसणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतात, ‘मला कॉम्प्युटर नीट येत नाही’ म्हणून.

तुमच्याकडच्या फाईलची परीक्षा करायला अर्धा मिनिट लागेल. एक मराठी शब्द निवडा, कंट्रोल-सी, मग नोटपॅड उघडून कंट्रोल-व्ही. देवनागरी दिसली तर प्रश्न मिटला. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर ती फाईल जुन्या फॉन्टमधली आहे. मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मग मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणा. त्यानंतर पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये या दोन्ही खुणा दिसायच्या त्या क्रमाने टाइप होतात, उच्चाराच्या नव्हे, त्यामुळे रूपांतरात त्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटण्याचा धोका सर्वात जास्त.