झेंड्यावरचा कुलचा, फुफाट्यातला रोडगा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आलं आणि मराठवाड्यावरचं पिवळं आसफजाही निशाण उतरलं. त्या निशाणाच्या मधोमध एक गोल होता. लांबून पाहणाऱ्याला तो चंद्र वाटे, पण दरबारी परंपरा सांगे की तो कुलचा आहे. आख्यायिका अशी, की घराण्याचा मूळपुरुष निजाम-उल-मुल्क सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्या भेटीला गेला. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले. भुकेल्या पाहुण्याने सात खाल्ले, तेव्हा संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. पुढे रूढ गणतीप्रमाणे निजाम सातच झाले, त्यामुळे गोष्ट टिकली. कापडाचा पिवळा रंग आणि त्यातला कुलचा दोन्ही झेंड्यावर गेले.

म्हणजे चाकूर, अहमदपूर, उदगीरकडचा शेतकरी ज्या राज्याला पिढ्यान् पिढ्या सारा भरत होता, त्याच्या झेंड्यावर आंबवलेल्या गव्हाची रोटी होती. त्याच्या स्वतःच्या ताटात मात्र ज्वारीची भाकरी. गहू सणावारी, नाहीतर पाहुणा आला तर.

याला कारण गरिबी होतीच, पण एकटी गरिबी नव्हती. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ कितीही आंबवलं तरी आतला वायू धरून ठेवणारी लवचिक जाळी तयार होत नाही, म्हणून ज्वारीचा पाव फुगत नाही. उलट भाकरीला कढत पाणी, हाताची थाप आणि तापलेला तवा लागतो. वरून पाण्याचा हात फिरवून निखाऱ्याला लावली की पापुद्रा सुटतो. कोरडवाहू काळ्या रानात रब्बीची ज्वारी माणसाला दाणा देते आणि बैलाला कडबा. सरपणही त्याच रानातलं: तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. हा जाळ भडकतो लवकर आणि विझतोही लवकर. पावाची भट्टी तापवायला जाड लाकूड तासन् तास जाळावं लागतं. ते या भागात कधीच मुबलक नव्हतं. प्रत्येक घरी भट्टी असणं हा विचारही इथे कुणाला सुचला नसता.

तरीही कडक कवचाची, आतून मऊ अशी भाजलेली रोटी मराठवाड्याला ठाऊक होती. तिचं नाव रोडगा.

जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात तेल, मीठ, ओवा घालून घट्ट मळायचं, पदर देऊन गोळे करायचे, मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवायच्या. धूर सरून लाल आर उरला की गोळे त्यात पुरायचे आणि वरून राख-निखारे ओढून घ्यायचे. तासाभराने फुफाट्यातून उकरून, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. शेतातल्या पंगतीला, मारुतीच्या किंवा खंडोबाच्या नवसाला रोडगे हवेतच. एकनाथांच्या एका भारुडात सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचाच नवस बोलते. एकनाथ सोळाव्या शतकातले आणि पैठणचे, तेव्हा या पदार्थाचं वय आणि गाव दोन्हींना साक्षीदार आहे. चहूबाजूंनी उष्णता लावून भाजणं हे भट्टीचंच तत्त्व. रोमन लोकही चुलीच्या राखेत पीठ भाजत. इटलीचा फोकाच्चा त्याच घराण्यातला. रोडग्यात फक्त आंबवण नाही, इतकाच फरक.

आंबवलेली रोटी मराठवाड्यात आली ती दौलताबादच्या वाटेने. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिच्यामागे सैन्य, कारकून, सूफी, कारागीर अशी वरातच दक्षिणेत उतरली. राजधानी परत गेली, पण सगळी माणसं गेली नाहीत. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया याच फौजेच्या भटारखान्यात जन्मला असं तिथले आचारी आजही सांगतात. हे कागदोपत्री सिद्ध करणं अवघड, पण पदार्थाचा तोंडवळा छावणीचाच आहे: हजार माणसांना एकदम वाढता येईल असं मटण, आणि भल्यामोठ्या तंदूरच्या भिंतीला थापलेले पिवळसर झाकेचे नान. हे नान घरी कुणी करत नाही. लग्न असो की दावत, मागणी भट्टीवर नोंदवायची आणि टोपल्या भरून आणायच्या.

दुसरी वाट समुद्राची. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना रोजच्या जेवणालाही पाव हवा होता आणि चर्चमधल्या प्रार्थनाविधीलाही. गहू आणवता येत होता, यीस्ट मिळत नव्हतं. तोडगा माडावर सापडला: ताजी माडी, म्हणजे सूर, पिठात घातली की पीठ फुगतं. साष्टीतल्या माजोर्डा गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी ही विद्या प्रथम शिकवली अशी परंपरा आहे. त्यातून पोदेर ही जमात उभी राहिली, पहाटे आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत दारोदार फिरणारी. पोदेराच्या टोपलीत कोंड्याची पोकळ पोई असते, कांकणं असतात आणि उंडो असतो. या उंड्याकडे जरा थांबून पाहायला हवं. गोल, वरून चीर दिलेला, कवच इतकं कडक की दाबलं तर कुरकुरतं. खेड्यातल्या इटालियन पावाचा भारतातला सर्वांत जवळचा नातलग कुणी असेल तर तो हाच.

मराठी मुलखात मात्र पावाने पोट भरण्याआधी धाक घातला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटलं, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत ऐकायला मिळते. त्यात इतिहास किती आणि भय किती हा वाद बाजूला ठेवला तरी भय खरं होतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एक घास पुरे. तेवढ्याने घर, नातं, पंगत सगळं पणाला लागत होतं. १८६० मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटली आणि सभाच विरली. तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांपुढे चहा-बिस्किटं आली. ती नावं छापून आल्यावर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबलं. बिस्किटाने एवढं रामायण घडवलेला दुसरा प्रांत शोधूनही सापडायचा नाही.

सोवळं शेवटी मोडलं ते गिरणी, कचेरी आणि रेल्वेच्या घाईने. मुंबईत गोव्याचे बेकरीवाले आले, मग इराणच्या यझ्द-केरमानकडचे झरतुष्ट्री. त्यांनी कडक कवचाचा ब्रुन पाव मस्का लावून चहात बुडवायला शिकवलं. फोर्टातली यझदानी बेकरी १९५३ ची, पुण्याची कयानी १९५५ ची. १९६५ मध्ये सरकारनेच मॉडर्न बेकरीज काढून कापलेली, गुंडाळलेली ब्रेड शहरोशहरी पोचवली. तिच्यात कवच असं जवळपास उरलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पावात बटाटेवडा घातला, आणि महाराष्ट्राने मऊ पावाची बाजू कायमची घेतली.

मराठवाड्यात बेकरी आली ती बरीचशी हैदराबादकडून. विकाराबाद-परळी लोहमार्गावरचं लातूर रोड जंक्शन चाकूरच्या जवळ आहे, आणि या टापूतली माणसं व्यापाराला, शिक्षणाला, दवाखान्याला अनेक वर्षं हैदराबादकडे जात. निजाम उस्मान अली खानाच्या नावाचं उस्मानिया बिस्किट या वाटेवरच्या चहात बुडालं. खेड्यात पाव आला तो आधी आजाऱ्याचं अन्न म्हणून. ताप उतरला की दुधात कुस्करून. निरोग्याने खायचा कडक माल वेगळा होता: टोस्ट, खारी आणि जिरं घातलेलं गोल ‘बटर’. हे बटर म्हणजे लोणी नसून दातांची परीक्षा घेणारा छोटा वाळवलेला पाव असतो. नुसता खाल्ला तर दगड, चहात बुडवला तर जेवण.

पण या भागाच्या बेकरी-इतिहासातलं सर्वांत रंगतदार प्रकरण लिहून ठेवण्याच्या लायकीचं कुणाला वाटलेलं दिसत नाही. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरचे लोक मैदा, रवा, साखर, डालडा आणि रिकामे पत्र्याचे डबे घेऊन तालुक्याच्या बेकरीवर जातात. आपलं सामान आपल्यासमोर मळून, आपलीच नानकटाई आणि बिस्किटं भाजून घ्यायची, किलोवर मजुरी द्यायची आणि डबे भरून परतायचं. रांगेत नंबर लागेपर्यंत गप्पा, कुणाच्या तुपाला वास बरा यावर टोमणे, आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेत मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा. भट्टी बेकरीवाल्याची, पीठ मात्र आपलं.

दक्षिण इटलीच्या पुल्या प्रांतात आल्तामुरा नावाचं गाव आहे. तिथेही बायका पीठ घरी मळत आणि गावच्या भट्टीवर भाजायला पाठवत. कोणता पाव कुणाचा हे ओळखू यावं म्हणून प्रत्येक घराचा शिक्का पिठावर उमटवलेला असे. २००३ मध्ये युरोपीय संघाने आल्तामुराच्या पावाला संरक्षित नाव दिलं. अटी कडक आहेत: डुरम गव्हाचा दोनदा दळलेला रवा, विरजणासारखं जपलेलं आंबवण, मीठ, पाणी, आणि कवच किमान तीन मिलीमीटर जाड.

डुरम हा शब्द परका वाटेल, पण तो गहू मराठवाड्याच्या ओळखीचा आहे. बन्सी म्हणतात तो हाच. शेवया, कुरडया, रवा यासाठी जुन्या बायका जो कडक, काचेसारखा, पिवळसर दाण्याचा कोरडवाहू गहू बाजूला काढून ठेवत, त्याच जातीचा. खपली गहूही इटलीत ‘फारो’ म्हणून अजून पिकतो. म्हणजे इटालियन पावाच्या नावाखाली परदेशी मैद्याची महागडी पुडी शोधणाऱ्याने आधी आपल्या आडतीवर चौकशी करायला हरकत नाही. एक अडचण आहे. बन्सीत प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लुटेन ताणलं तर तुटतं, लवचीक राहत नाही. नुसत्या बन्सीचा पाव दाट होतो. निम्मा मैदा मिसळला तर जाळी सुटते.

आणि ज्याला आपण प्राचीन इटालियन समजतो तो सगळाच माल प्राचीन नाही. सपाट, भोकाभोकांचा चाबाता हा पाव आर्नाल्दो काव्हाल्लारी या गिरणीमालकाने व्हेनेतो प्रांतातल्या आद्रिया इथे १९८२ मध्ये तयार केला, फ्रेंच बगेटशी झुंज द्यायला. त्याच वर्षी १६ ऑगस्टला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. चाबाता आणि लातूर जिल्हा एका वयाचे आहेत.

घरच्या ओव्हनमध्ये आल्तामुराच्या पावासारखं कवच का येत नाही, याचं उत्तर वाफेत आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं पावाभोवती वाफ हवी. पृष्ठभाग ओला राहतो, पाव पूर्ण फुगतो, आणि मग कोरड्या उष्णतेत कवच जमतं. दगडी भट्टीत भरलेल्या पावांचीच वाफ कोंडते. घरच्या छोट्या ओव्हनमधून ती निसटते. न्यूयॉर्कचा बेकर जिम लाही याने यावर साधा उपाय लोकांपुढे आणला आणि २००६ मध्ये तो वर्तमानपत्रातून जगभर गेला: सैल पीठ, चिमूटभर यीस्ट, मळणं नाहीच, बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं आणि तापलेल्या जाड बिडाच्या झाकणबंद भांड्यात २३० अंशांवर भाजायचं. भांडंच भट्टी होतं. रोडग्यावर निखारे ओढणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

लाहीचे अठरा तास मात्र न्यूयॉर्कच्या हवेचे. चाकूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तेच पीठ दुपारपर्यंत आंबून फसफसतं. तिथे यीस्ट निम्म्याहून कमी आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये, हा मार्ग. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री मात्र या पावासाठी मुद्दाम घडवल्यासारख्या असतात; ओट्यावर झाकून ठेवलं तरी सकाळी पीठ तयार.

लाकडी भट्ट्यांचे दिवस भरत आले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये प्रदूषणाच्या कारणाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे. ब्रुनच्या कवचाचं काय होतं ते खाणारे सांगतीलच. तालुक्याच्या गावी जिथे अजून भट्टी पेटते, तिथे बिस्किटांचे शेवटचे ट्रे निघाल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. पुढच्या दिवाळीला डबे घेऊन रांगेत उभं राहाल तेव्हा बन्सीच्या पिठाचे दोन गोळे सोबत न्या आणि बेकरीवाल्याला विचारून पाहा. मजुरी किलोवरच लागेल.