दोरी ओढली, पण करवत सुरू होईना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रस्त्यांवर झाडे पडली. ती कापून वाट मोकळी करायला जे यंत्र लागले ते चेनसॉ. गावाकडे त्याला नुसते ‘कटर’ म्हणतात. महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहायचे आणि गरजेच्या क्षणी दहादा दोरी ओढूनही सुरू व्हायचे नाही, ही या यंत्राची जगभरची खोड. ती आली कुठून, हे त्याच्या इतिहासात सापडते.

साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी ती योजली होती. जंगलातली पेट्रोलवरची करवत मात्र जर्मनीची. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये डोल्मार नावाच्या डोंगरावर तिची चाचणी घेतली. १९२९ मध्ये आंद्रेआस श्टील यांचे पेट्रोल यंत्र आले. वजन ४६ किलो, उचलायला दोन माणसे!

या जुन्या यंत्रांची मोठी अडचण कार्बोरेटरची होती. त्यात पेट्रोलची वाटी आणि तीत तरंगणारा फ्लोट असे. वाटी कलंडली की पेट्रोलचे गणित बिघडे. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर सुरू होईना तेव्हा आपण ती तिरकी करून मग किक मारत असू, ते आठवा. तिथे कलंडणे उपयोगी पडे. करवतीला ते परवडणारे नव्हते. झाड उभे कापायचे आणि खोड आडवे पडल्यावर तेही कापायचे, म्हणून इंजिन सरळ ठेवून पाते फिरवायची सोय करावी लागे.

१९४९ मध्ये अमेरिकेत मॅक्कलक कंपनीने सुमारे ११ किलोंची, एका माणसाने चालवायची करवत आणली. पुढे १९५०च्या दशकात पडद्याचा कार्बोरेटर रुळला. वाटी आणि फ्लोट गेले. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या चढउताराने एक पातळ पडदा हलतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. करवत कशीही धरा, चालते. लाकूडतोड्यांचे खरे भले या पडद्याने केले, असे मला वाटते. पण त्याची किंमतही आहे. पेट्रोल तसेच ठेवून दिले की ते शिळे होते, त्याचा चिकट थर बारीक छिद्रांत बसतो, पडदा कडक होतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. कोकणच्या पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

ठिणगीची कथा उलटी आहे. पूर्वी मॅग्नेटोतले पॉइंट झिजत, त्यांवर काजळी बसे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि तो त्रास जवळजवळ संपला. म्हणून जुना मेकॅनिक आधी पॉइंट घासायला घेई. आज आधी टाकीतले पेट्रोल बदलावे आणि हवेचा फिल्टर व प्लग पाहावा.

प्लग ओला निघाला आणि पेट्रोलचा वास आला, तर चोक लावूनच फार वेळा दोरी ओढली गेली, असे समजा. थंड इंजिनाला चोक हवा, पण ‘फट्’ असा पहिला आवाज येताच तो काढायचा असतो. तो आवाज ऐकू आला नाही की माणूस ओढतच राहतो आणि इंजिन पेट्रोलने भरते. अशा वेळी स्विच बंद करावा, प्लग काढून चार-सहा वेळा दोरी ओढावी, सांडलेले पेट्रोल उडून जाऊ द्यावे आणि कोरडा प्लग बसवून चोकशिवाय प्रयत्न करावा.

खरा धोका वैतागाचा आहे. दमलेला माणूस एका हातात करवत लोंबती धरून तिला खाली झटका देतो आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढतो. इंजिन धडाडले आणि साखळी फिरू लागली, तर समोर त्याचीच मांडी असते. करवत जमिनीवर ठेवावी, साखळीचा ब्रेक लावावा, मागच्या मुठीत बूट घालून ती दाबून धरावी, डावा हात पुढच्या मुठीवर, आणि मगच दोरी. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. मगच करवत कोपऱ्यात ठेवावी.