ओळखपत्रावरचे जुने नाव

वेबवरचे एखादे पान आपण उघडतो तेव्हा आपला ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे छोटासा अर्ज पाठवतो. 'मला अमुक पान हवे आहे' एवढाच त्याचा मतलब. अर्जासोबत ब्राउझर स्वतःची ओळखही कळवतो. ही ओळख आपल्याला सहसा दिसत नाही, पण ती पाहिली तर गंमत वाटते. गुगलचा क्रोम घ्या, ॲपलचा सफारी घ्या किंवा मायक्रोसॉफ्टचा एज घ्या, प्रत्येकाच्या ओळखीतला पहिला शब्द एकच असतो : 'मोझिला'. क्रोम तर आधी मोझिला, मग ॲपलवेबकिट, मग केएचटीएमएल, मग गेको अशी चार नावे घेतो, तेव्हा कुठे स्वतःचे नाव सांगतो, आणि शेवटी पुन्हा सफारीचे नाव जोडतो. यातले एकही नाव मुळात गुगलचे नाही.

माणसाला शेपटी नाही, पण माकडहाड आहे. ते पाहून आपण पूर्वजांविषयी काही अनुमान काढतो. ब्राउझरच्या ओळखीतले हे शब्दही तसेच अवशेष आहेत. त्यांचा माग काढत गेलो तर तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास उलगडतो आणि त्याबरोबर एका प्रश्नाचे उत्तरही मिळू लागते : कोट्यवधी लोक एक ब्राउझर सोडून दुसरा का धरतात?

जुळारी आणि त्याचे नियम

आधी ब्राउझर काय करतो ते पाहू. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी लेखक हस्तलिखित देई, संपादक त्यावर खुणा करी : हे शीर्षक, हा नवा परिच्छेद, हे शब्द ठळक. छापखान्यातला जुळारी त्या खुणा वाचून पान तयार करी. वेबवरचे पान म्हणजे असेच खुणा केलेले हस्तलिखित असते आणि ब्राउझर हा त्याचा जुळारी. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. खुणांचे नियम सर्वांना माहीत असतील तर एकाच हस्तलिखितावर वेगवेगळे जुळारी काम करू शकतात. ब्राउझरांमध्ये स्पर्धा शक्य झाली ती यामुळेच.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचताही येई आणि लिहिताही. पण तो नेक्स्ट नावाच्या संगणकावरच चाले आणि असे संगणक फार थोड्यांकडे होते. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची 'गोफर' ही माहिती शोधण्याची पद्धत वेबपेक्षा जास्त लोकप्रिय होती. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने गोफरचा सर्व्हर चालवणाऱ्या काहींकडून शुल्क घेण्याचे जाहीर केले. उलट ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. उद्या आपल्याकडे पैसे मागितले जातील अशी शंका आली की लोक आजच दुसरी वाट शोधतात. गोफरची वाढ खुंटली, त्याला या शंकेचा मोठा हातभार लागला.

पहिले स्थलांतर : वाट पाहण्याचा कंटाळा

१९९३ सालीच इलिनॉय विद्यापीठातल्या संगणक केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅक' तयार केला. मजकुराच्या ओळींशेजारीच चित्र दिसणे, आणि विंडोज व मॅकिंटॉश या सामान्य संगणकांवर चालणे, हे त्याचे गुण. वेब प्रयोगशाळांबाहेर गेले ते मोझॅकमुळे.

पुढच्याच वर्षी अँड्रीसन आणि उद्योजक जिम क्लार्क यांनी कंपनी काढली. डिसेंबर १९९४ मध्ये त्यांचा 'नेटस्केप नॅव्हिगेटर' आला. आतल्या गोटात त्याचे टोपणनाव होते मोझिला, म्हणजे मोझॅकला गिळणारा गॉडझिला. मोझॅक चित्रे पूर्ण येईपर्यंत वाचकाला ताटकळत ठेवी. नेटस्केप मजकूर येईल तसा दाखवी आणि चित्रे मागाहून भरी. टेलिफोनच्या तारेवरून कूर्मगतीने माहिती येण्याच्या त्या दिवसांत हा फरक कोणालाही जाणवण्यासारखा होता. शिवाय बदलायला काही सोडावे लागत नव्हते. पाने तीच, पत्ते तेच, फक्त जुळारी नवा. थोड्याच काळात मोझॅकचे बहुतेक वापरकर्ते नेटस्केपकडे गेले.

(भारतात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यातल्या स्वस्त खात्यांवर फक्त अक्षरे दिसत. तिथे लिंक्ससारखा चित्रांविना चालणारा ब्राउझर वापरावा लागे. निवडीचा प्रश्न तिथे खिशानेच सोडवलेला होता.)

इथे आपल्या माकडहाडाचा उलगडा होतो. नेटस्केपने एचटीएमएलमध्ये स्वतःच्या काही नव्या खुणा घातल्या. पान चौकटींत विभागण्याची सोय ही त्यांपैकी एक. संकेतस्थळे चालवणारे लोक अर्जातली ओळख पाहू लागले : 'मोझिला' असेल तर सजवलेले पान, नसेल तर साधे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५ मध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर' आणला तेव्हा त्याला हा भेदभाव आड आला. उपाय सोपा होता. एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला, आणि खरे नाव कंसात घालू लागला. पुढे आलेल्या बहुतेकांनी हीच युक्ती केली.

दुसरे स्थलांतर : जे घरात आहे ते

एक्सप्लोररचा पाया स्पायग्लास या कंपनीकडून परवान्याने घेतलेल्या मोझॅकच्या वारशाचा होता. पहिल्या आवृत्त्या यथातथाच होत्या. पण १९९७ ची चौथी आवृत्ती चांगली निघाली, आणि मुख्य म्हणजे एक्सप्लोररला किंमत नव्हती. नेटस्केप मात्र कंपन्यांकडून पैसे घेई. विंडोज ९८ मध्ये तर एक्सप्लोरर आतच बसवलेला आला. नवा संगणक घेतला, चालू केला, की ब्राउझर समोर हजर. नेटस्केप हवा असेल तर तो तासन्‌तास उतरवून घ्यावा लागे.

नेटस्केपने जानेवारी १९९८ मध्ये आपला ब्राउझर मोफत केला आणि मार्चअखेर त्याची मूळ संगणकीय संहिता जगाला खुली केली. त्या प्रकल्पाला नाव दिले मोझिला. पण संहिता नव्याने लिहिण्याच्या कामात वेळ गेला. पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावी आली ती २००० च्या अखेरीस. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, परंतु मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले हा निष्कर्ष बऱ्याच अंशी कायम ठेवला. तोवर निकालाचा नेटस्केपला उपयोग राहिला नव्हता. २००२-०३ च्या सुमारास दहांपैकी नऊहून अधिक लोक एक्सप्लोरर वापरत होते.

चांगली वस्तू म्हणून किती जणांनी एक्सप्लोरर घेतला आणि समोर होता म्हणून किती जणांनी? दोन्ही कारणे एकाच वेळी काम करत होती, त्यामुळे वाटणी करणे अवघड आहे. पण पुढच्या पाच वर्षांत एक नैसर्गिक प्रयोगच घडला.

झोपलेला विजेता

एक्सप्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे मोठी सुधारणा नाही. गुणवत्ता जागच्या जागी थांबली, तरी बहुसंख्य लोक हलले नाहीत. याचे एक कारण मराठी वाचकांनी स्वतः अनुभवले आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले आपापले फाँट वापरत. पानाबरोबर आपोआप उतरणारे हे फाँट बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खास साच्यातले असत आणि ते एक्सप्लोररमध्येच उमटत. दुसऱ्या ब्राउझरने तेच पान उघडले की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसे. वाचकाला वाटे की दुसरा ब्राउझर वाईट आहे. प्रत्यक्षात पानच एका जुळाऱ्याच्या खासगी खुणांनी लिहिलेले होते.

म्हणजे ब्राउझर बदलण्याची किंमत पैशांत नसली तरी असते. ती आपण वाचतो त्या पानांत दडलेली असते. पाने सर्वमान्य नियमांनी लिहिलेली असतील तर किंमत कमी, एकाच्या नियमांनी लिहिलेली असतील तर जास्त. हे नियम जपण्यासाठीच बर्नर्स-ली यांनी १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली होती.

एक्सप्लोररच्या बुरुजाला तडा गेला तो भीतीमुळे. त्यातल्या त्रुटींचा फायदा घेऊन संगणकांत शिरणारे कार्यक्रम वाढले. जून २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संगणक सुरक्षा पथकाने अशा एका त्रुटीवर जे उपाय सुचवले, त्यात दुसरा ब्राउझर वापरणे हाही एक होता. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मोझिलाच्या खुल्या संहितेतून घडलेला 'फायरफॉक्स' आला. अनाहूत खिडक्या रोखणे, एका खिडकीत अनेक पाने टॅबमध्ये उघडणे, आणि एक्सप्लोररमधल्या खुणेच्या नोंदी आपसूक उचलून घेणे या सोयी त्यात होत्या. टॅबची सोय फायरफॉक्सने शोधलेली नव्हती. नॉर्वेच्या ऑपेरासारख्या ब्राउझरांत ती आधीच होती, पण ऑपेरा २००५ पर्यंत पैसे तरी मागे किंवा जाहिराती तरी दाखवी. फायरफॉक्स वाढला, पण त्याचा कळस जगातल्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंतच पोचला. चिडलेले, जाणकार आणि त्यांनी ज्यांचे संगणक दुरुस्त करून दिले ते नातेवाईक, एवढ्यांची ही संख्या म्हणता येईल.

तिसरे स्थलांतर : यंत्रच बदलले

२ सप्टेंबर २००८ रोजी गुगलने क्रोम आणला. त्यात प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चाले, त्यामुळे एक पान अडकले तरी बाकीची सुरू राहात. पानांतले छोटे कार्यक्रमही तो वेगाने चालवी. त्याचा आतला भाग, म्हणजे पाने जुळवणारे इंजिन, ॲपलच्या वेबकिटचे होते आणि वेबकिट मुळात केएचटीएमएल या खुल्या संहितेवरून घेतलेले. आता ओळखपत्रावरची बाकीची नावेही ओळखीची वाटतील.

क्रोम चांगला होता, आणि जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पानावर त्याची जाहिरात होती. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार मे २०१२ मध्ये त्याने एक्सप्लोररला मागे टाकले. त्यानंतर लोकांनी यंत्रच बदलले. अँड्रॉइड फोनवर क्रोम बसवलेलाच येऊ लागला आणि २०१६ च्या अखेरीस वेबचा वापर संगणकापेक्षा फोन व टॅबलेटवर जास्त होऊ लागला. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमचे खुले इंजिन घेण्याचे जाहीर केले, आणि जून २०२२ मध्ये एक्सप्लोररला निरोप दिला.

मग निवड कोण करते?

तीन स्थलांतरांतून एक आकृती दिसते. लोक तुलनेचे तक्ते पाहून ब्राउझर क्वचितच बदलतात. वाट पाहण्याचा त्रास किंवा धोका थेट जाणवला, बदलताना जुने काही हरवले नाही, किंवा नवे यंत्र हाती आले आणि त्यात दुसराच ब्राउझर होता, तर बदलतात. यांतले शेवटचे कारण सर्वांत बलवान, कारण त्यात आपल्याला काहीच करावे लागत नाही.

युरोपीय आयोगाने हे ओळखले. त्याच्याशी झालेल्या तडजोडीनुसार मार्च २०१० पासून मायक्रोसॉफ्टला विंडोजवर अनेक ब्राउझरांची यादी दाखवावी लागली. यादीचा क्रम यादृच्छिक असायचा होता, पण तो लावण्याची रीत चुकीची होती आणि काही जागांवर काही नावे जास्त वेळा येत. ती दुरुस्त करावी लागली. गणिताच्या शिक्षकांना संभाव्यतेच्या पाठासाठी हे उदाहरण छान आहे. पुढे विंडोजच्या एका सुधारित आवृत्तीतून ही यादी २०११-१२ मध्ये वर्षाहून अधिक काळ गळाली आणि २०१३ साली मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरो दंड झाला. भारताच्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनवर आपली ॲप्स, त्यांत क्रोमही, आधीच बसवून घेण्याची सक्ती हा त्यातला एक मुद्दा होता.

'सगळे एकच वापरतात तर बिघडले कुठे?' असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आज मोठ्या वापरात तीनच इंजिने उरली आहेत : गुगलचे, ॲपलचे आणि मोझिलाचे. गुगलच्या इंजिनाची संहिता खुली आहे, कोणीही ती घेऊ शकतो. पण त्यात काय असावे याचा निर्णय बहुतांशी गुगलच घेते. बहुसंख्य जुळारी एकाच घराण्याचे झाले की त्या घराण्याची सवय हाच नियम होतो, आणि छापील नियमपुस्तक मागे पडते. एक्सप्लोररच्या काळात अक्षरांचा काला पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांनी आपल्या घरच्या फोनवरचा ब्राउझर कोणी निवडला ते विचारून यावे : घरातल्या कोणी, दुकानदाराने, की फोनच्या कंपनीने. मग शाळेला नेहमी लागणारे एखादे संकेतस्थळ, प्रवेशअर्जाचे किंवा निकालाचे, दोन वेगळ्या इंजिनांच्या ब्राउझरांत, उदाहरणार्थ क्रोम आणि फायरफॉक्समध्ये, उघडून पाहावे. जोडाक्षरे नीट दिसतात का, अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का, याची नोंद करावी. कुठे अडले तर ती नोंद त्या संकेतस्थळाच्या चालकांना अवश्य कळवावी. पान दोन्हीकडे सारखे चालले, तर उद्या ब्राउझर बदलावासा वाटला तरी त्या कामासाठी आपली वाट मोकळी आहे असे समजायला हरकत नाही.