गायिका मेरियन अँडरसन

भगिनींनो, यंदा स्मरणिकेसाठी मी एका परदेशी गायिकेची हकीगत निवडली आहे. तीत दोन संस्था येतात, म्हणून ती आपल्या मंडळाला सांगावीशी वाटली.

मेरियन अँडरसन यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका गरीब कृष्णवर्णीय घरी झाला. वडील लवकर वारले. आईने लोकांचे कपडे धुऊन, फरशा पुसून तीन मुली वाढवल्या. थोरली मेरियन सहाव्या वर्षापासून चर्चच्या गायकवृंदात गाई. पुढे एका संगीतशाळेने तिला रंग पाहूनच परत पाठवले. तेव्हा चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून तिच्या शिकवणीची सोय केली. ही पहिली संस्था.

युरोपात मेरियनबाईंचे मोठे नाव झाले. पण १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांच्या गाण्याला मालक संस्थेने नकार दिला. कारण पुन्हा तोच रंग. ही दुसरी संस्था, आणि सांगायला वाईट वाटते, ती स्त्रियांची होती! राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिच्या सभासद होत्या. त्यांनी राजीनामा दिला. मग ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, मेरियनबाई गायल्या. समोर पाऊण लाख श्रोते होते. १९४३ साली त्याच हॉलमध्येही त्यांचे गाणे झाले.

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार. फक्त तेथे संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात मेरियनबाईंना भूमिका मिळाली ती ७ जानेवारी १९५५ रोजी, व्हेर्दीच्या ऑपेरातील भविष्य सांगणाऱ्या उल्रिकाची. तेथे भूमिका करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. म्हातारी आई प्रेक्षकांत होती. पण बाईंचे वय तेव्हा सत्तावन्न! ऐन बहरातला तो गळा त्या रंगभूमीला लाभलाच नाही. नुकसान कोणाचे झाले? १९५७ साली त्या भारताच्या दौऱ्यावरही आल्या होत्या. १९९३ साली त्या निवर्तल्या.

आपल्या भजनवर्गात धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका बाईंना घ्यावे की नाही, असा प्रश्न एकदा निघाला होता. मी गप्प बसले होते. दुसऱ्याच एका भगिनीने सतरंजीवर सरकून त्यांना जागा दिली. आज त्यांच्या आवाजावाचून आपली एकादशी पार पडत नाही. मेरियनबाईंची हकीगत वाचताना मला माझे ते गप्प बसणे आठवले.