मानवी कवटी

मानवी कवटी म्हणजे डोके व चेहरा यांचा हाडांचा सांगाडा होय. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘करोटी’ असेही म्हणतात. बाहेरून ती एकसंध दिसत असली, तरी प्रौढ माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ हाडांनी मेंदूभोवतीची पेटी, म्हणजे कर्पर, तयार होते. उरलेली १४ हाडे चेहऱ्याची असतात. मध्यकर्णातील ६ कर्णास्थी आणि जिभेच्या मुळाशी असलेली कंठिकास्थी काही ग्रंथांत कवटीबरोबर मोजली जात असल्याने २८ किंवा २९ अशीही संख्या आढळते.

कर्पराची हाडे

कपाळाची ललाटास्थी, डोक्याच्या माथ्यावरील व बाजूंच्या दोन पार्श्विकास्थी, कानशिलांच्या दोन शंखास्थी, डोक्यामागील पश्चकपालास्थी, तळाशी असलेली जतुकास्थी आणि नाकाच्या मुळाशी असलेली झर्झरास्थी ही कर्पराची आठ हाडे होत. माथ्याकडील चपट्या हाडांना घट्ट अस्थीचे दोन थर असतात व त्यांच्या मध्ये छिद्रिष्ठ अस्थीचा थर असतो. या रचनेमुळे वजन फारसे न वाढता हाडाला बळकटी येते. मधल्या थरातील मज्जेत रक्तपेशीही तयार होतात.

संस्कृतवरून घेतलेली यांतील काही नावे आकारावरूनच पडली आहेत. ‘जतुका’ म्हणजे वटवाघूळ. पंख पसरलेल्या वटवाघळासारखे हे हाड कर्पराच्या इतर सर्व हाडांना जोडलेले असते आणि त्याच्या मधल्या खोलगट भागात पीयूषिका ग्रंथी सुरक्षित असते. ‘झर्झर’ म्हणजे झारा किंवा चाळणी. झर्झरास्थीच्या चाळणीसारख्या पातळ पट्टीतील बारीक छिद्रांतून गंधाचे चेतातंतू नाकातून मेंदूकडे जातात. म्हणूनच डोक्याला जोराचा मार लागून ही पट्टी मोडली, तर वास येणे बंद होऊ शकते आणि मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव नाकावाटे गळू लागतो. अशा वेळी ‘नाक वाहते आहे’ असे समजणे धोक्याचे ठरते.

शंखास्थीचा आतील भाग शरीरातील सर्वांत घट्ट हाडांपैकी एक आहे. त्यात अंतर्कर्ण, म्हणजे श्रवण व तोल यांची इंद्रिये, असतात. हा भाग सहजासहजी झिजत नसल्याने प्राचीन सांगाड्यांतून डीएनए मिळवण्यासाठी संशोधक त्याला प्राधान्य देतात.

पश्चकपालास्थीतील महारंध्रातून मेंदू आणि मज्जारज्जू जोडले जातात. या छिद्राच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकतात; होकारार्थी मान हलते ती मुख्यतः याच सांध्यात. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत हे छिद्र मागच्या बाजूला असते, तर माणसात ते कवटीच्या तळाशी बरेच पुढे असते, त्यामुळे डोके कण्यावर तोलले जाते. दक्षिण आफ्रिकेतील ताऊंग येथे १९२४ साली मिळालेल्या बालकाच्या जीवाश्म कवटीचा अभ्यास करताना रेमंड डार्ट यांनी याच खुणेवरून तो जीव दोन पायांवर चालत असावा असे अनुमान काढले.

शिवणी आणि टाळू

कर्पराची हाडे दातेरी कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात. या सांध्यांना शिवणी किंवा सीवनी म्हणतात. सुश्रुतसंहितेतही डोक्यातील पाच सेवनींचा उल्लेख आहे. जन्माच्या वेळी मात्र ही हाडे जुळलेली नसतात, ललाटास्थीसुद्धा दोन भागांत असते. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर किंचित सरकून डोके जन्ममार्गातून बाहेर येऊ शकते आणि पुढे वेगाने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. जन्मतः सुमारे ३४ सेंमी. असलेला डोक्याचा घेर वर्षभरात साधारण ४५–४६ सेंमी. होतो.

हाडांमधल्या पडद्यासारख्या मऊ जागेला मराठीत टाळू म्हणतात. (तोंडातील छताचेही नाव टाळूच आहे, दोन्हींचा परस्परसंबंध नाही.) अशा सहा जागा असतात. मागची टाळू जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत, तर पुढची, पतंगाच्या आकाराची टाळू बहुधा दीड ते दोन वर्षांपर्यंत भरून येते. महाराष्ट्रात बाळाच्या टाळूवर तेल घालण्याची प्रथा आहे, मात्र टाळू भरते ती कडांवर हाड तयार होऊन, तेलामुळे नव्हे. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाल्यास टाळू खोल जाते. शांत असलेल्या बाळाची टाळू फुगलेली व ताणलेली दिसल्यास डोक्यातील दाब वाढल्याची शक्यता असते आणि तातडीने वैद्यकीय तपासणी करावी लागते. एखादी शिवण वेळेआधीच सांधली गेली, तर डोक्याची वाढ वाकडी होते. काही बालकांत शस्त्रक्रिया करून हाडे मोकळी करावी लागतात.

चेहऱ्याची हाडे

वरचा जबडा दोन ऊर्ध्वहन्वस्थींचा बनतो. याशिवाय गालांच्या दोन गंडास्थी, दोन नासास्थी, दोन अश्रू-अस्थी, दोन तालव्यास्थी, नाकातील दोन अधःशुक्तिका, नाकाच्या पडद्यातील नांगराच्या फाळासारखी सीरिकास्थी आणि खालच्या जबड्याची अधोहन्वस्थी ही हाडे चेहऱ्यात असतात. डोळ्याची खोबण एका हाडाची नसून सात हाडांची मिळून बनते. ऊर्ध्वहन्वस्थी, ललाटास्थी, जतुकास्थी व झर्झरास्थी यांत हवेच्या पोकळ्या असतात. सर्दीत त्यांना सूज आली की कपाळ व गाल दुखतात.

कर्णास्थी वगळता कवटीत मोकळेपणाने हलणारे हाड एकच, अधोहन्वस्थी. ती दोन हाडांची असते असे गेलेनचे मत शतकानुशतके प्रमाण मानले जात होते. व्हेसेलियस याने मानवी देहांचे विच्छेदन करून १५४३ च्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढले.

दुर्बल जागा

कानशिलावर ललाटास्थी, पार्श्विकास्थी, शंखास्थी आणि जतुकास्थी ही चार हाडे जेथे एकत्र येतात, तेथे कवटी पातळ असते. याच जागेच्या आतून मध्य तानिका धमनी जाते. येथे हाड मोडून धमनी फाटली, तर कवटी आणि मेंदूवरील दृढतानिका यांच्यामध्ये रक्त साचू लागते. जखमी व्यक्ती काही काळ शुद्धीवर असते, बोलते, चालतेही; पुढे दाब वाढला की तिची शुद्ध हरपते. वेळेत शस्त्रक्रिया करून रक्त काढले नाही, तर मृत्यू येऊ शकतो. त्यामुळे कानशिलावर जोराचा मार लागलेली व्यक्ती ठीक दिसत असली, तरी तिला निरीक्षणाखाली ठेवतात आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करतात.