बर्फाने घडवलेली फळी

आजच्या स्नोबोर्डची वंशावळ 1965 च्या नाताळापाशी सुरू होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की जोडून एक फळी केली. त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी स्नो आणि सर्फ हे शब्द एकत्र करून तिचे नाव ठेवले ‘स्नर्फर’. लवकरच ब्रन्सविक कंपनीने ती बाजारात आणली. पाय बांधायची सोय तिच्यात नव्हती. बूट निसटू नयेत म्हणून वरच्या बाजूला धातूच्या पिना ठोकलेल्या असत आणि पुढच्या टोकाला एक दोरी. दोरी हातात धरायची आणि तोल सांभाळत उतरायचे. मऊ बर्फात हे जमून जाई. कडक बर्फावर मात्र फळी आडवी घसरत सुटे, कारण त्यात रुतेल अशी कडच तिला नव्हती.

पुढे 1970 च्या दशकात या फळीला दोन वेगळ्या मुलखांनी दोन वळणे दिली. युटामधल्या वॉसॅच डोंगरांत हिवाळाभर कोरडा, पिठासारखा हलका बर्फ पडतो. ऑल्टासारख्या ठिकाणी वर्षाला बारा मीटरच्याही वर. तिथे दिमित्री मिलोविच यांनी ‘विंटरस्टिक’ बोर्ड बनवले. त्यांतल्या एका प्रकाराची शेपटी पाकोळीच्या शेपटीसारखी मधोमध चिरलेली होती. अशा शेपटीचे क्षेत्रफळ कमी, म्हणून ती बर्फात खाली जाते आणि रुंद पुढचे टोक आपोआप वर उचलले जाते. खोल बर्फात टोक बुडाले की स्वार डोक्यावर आपटतो. त्यामुळे ही चीर शोभेची नव्हती, तोल राखण्याचीच ती युक्ती होती.

व्हरमाँटमधला बर्फ वेगळा. तो दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा टणक होतो. जेक बर्टन कारपेंटर यांनी 1977 मध्ये याच राज्यात बोर्ड बनवायला घेतले. 1979 साली मस्कीगनच्या स्नर्फर स्पर्धेत ते पाय बांधायचे पट्टे लावलेला स्वतःचा बोर्ड घेऊन उतरले. पाय पक्के झाले की टाचेने किंवा चवड्याने फळी कलती करता येते. या एका बदलाने उतरण्याला दिशा आली.

तरी मोठा बदल घडला तो स्की केंद्रांची दारे उघडल्यावर. व्हरमाँटच्या स्ट्रॅटन केंद्राने 1983 मध्ये बोर्डना प्रवेश दिला आणि यंत्राने दाबून सपाट केलेला बर्फ स्वारांच्या पायांखाली आला. सुरुवातीच्या बऱ्याच बोर्डांच्या तळाला पंख असत. भुसभुशीत बर्फात ते सुकाणूचे काम करत, पण कडक उतारावर त्यांचा अडथळाच होई. ते गेले आणि कडांना पोलादी पट्ट्या आल्या. बाजू आत वळवून फळीला कंबर दिली गेली. अशी फळी कलती करून दाबली की वाकलेली कड बर्फावर आपोआप वर्तुळाचा तुकडा काढते. कंबर जितकी खोल, तितके वळण लहान.

उभी कमानही याच काळात रुळली. जमिनीवर ठेवलेल्या अशा बोर्डच्या मधल्या भागाखालून बोटे सरकतात. वर उभे राहिले की कमान दबते, वजन दोन्ही टोकांकडे पोचते आणि कड पूर्ण लांबीने बर्फ धरते. टणक बर्फावर याला तोड नाही. हलक्या बर्फात मात्र दबलेले पुढचे टोक खाली जाऊ पाहते आणि स्वाराला सतत मागे झुकावे लागते. मागची मांडी लवकरच भरून येते.

1998 च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत कमानीच्या बोर्डांचे राज्य होते. 2000 नंतरच्या दशकात लिब टेक कंपनीच्या ‘स्केट बनाना’ या बोर्डने ही कमान उलटी केली: मधला भाग बर्फाला टेकलेला, टोके वर. बोर्ड सहज फिरू लागला आणि ताज्या बर्फावर तरंगू लागला, पण घट्ट बर्फावर त्याची पकड सैल पडे. ही उणीव याच निर्मात्यांनी कडेला दिलेली नागमोडी वळणे भरून काढत. सुरीच्या दातांसारखी ती अनेक ठिकाणी रुततात.

आज पायांखाली कमान आणि पुढे वर वळलेले टोक असे मिश्र बोर्ड सर्रास दिसतात. खोल बर्फासाठीच्या बोर्डांत रुंद टोक, अरुंद शेपूट आणि मागे सरकवलेले पाय ही मिलोविच यांच्या बोर्डांच्या जातीची मांडणीही पुन्हा दिसते.